लोकरीतला बर्फ

केजच्या आमच्या कॉलेजात विद्यापीठाचं परिपत्रक आलं की आधी प्राचार्यांच्या खोलीत चहा होतो आणि मग ते काम माझ्या गळ्यात पडतं. मी भौतिकशास्त्र शिकवते. माझा आवाज मोठा आहे आणि राग कायम नाकावर. अशा बाईकडे काम दिलं की ते होतंच, असा आमच्याकडे समज आहे. त्या वर्षीच्या परिपत्रकात लिहिलं होतं की प्रत्येक कॉलेजने आपल्या भागातल्या उद्योगांशी सामंजस्य करार करावेत, संशोधनातून व्यवसाय उभे करावेत आणि तसं केल्याचे फोटो पाठवावेत. फोटोंचा मुद्दा ठळक अक्षरात होता.

मी चिडले. केजला उद्योग आणायचे कुठून? पण कागदी घोडे नाचवण्यात आपण कुणाला हार जात नाही. फ्लेक्स छापणारा, बॅटरीवाला, पिठाची गिरणीवाला, एकेकाला बोलावून करार झाले, पुष्पगुच्छ झाले, फोटो झाले. गिरणीवाल्याने तर त्यासाठी नवा शर्ट शिवला होता. फाइल जाड झाली आणि प्राचार्य खूश झाले.

सगळ्यात शेवटी आला तो चौसाळ्याचा डबेवाला. हायवेला लागून त्याचं पत्र्याचं मोठं शेड आहे. दूध, आइस्क्रीम आणि मासे थंड ठेवायचे डबे तो तिथे बनवतो. माणूस आत बसेल एवढे मोठे डबे, बाहेरून पत्रा, आतून पत्रा आणि मध्ये थर्माकोल. माजलगावच्या धरणातली मासळी त्याच्याच डब्यांतून बाजाराला जाते. त्याचे कामगार त्याला मालक म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणू लागले. मागे यंत्रं दिसावीत म्हणून फोटो आमच्या प्रयोगशाळेत काढला. बाकीचे लोक फोटो झाला की शाल काखेत मारून निघून जायचे. हा स्टुलावर बसूनच राहिला.

"फोटो झाला मॅडम," तो म्हणाला. "आता काम काय करायचं?"

"कसलं काम?"

"करार केला न्हाई का आपण? मंग काम लागंल की. माजं एक घोडं अडलंय, सांगू का?"

मला आधी हसू आलं आणि मग लाज वाटली, कारण एवढ्या सह्या होऊन हा प्रश्न विचारणारा तो पहिलाच होता. त्याने सांगितलं ते असं: आपल्याकडचे रस्ते असे की धक्क्याधक्क्याने डब्यातल्या थर्माकोलचा भुगा होतो. भुगा खाली बसतो, भिंत वरून पोकळ होते आणि बर्फ वितळतो. त्यात मासळीचं पाणी मुरलं की वास जन्मात जात नाही. दुसरं काही घालता येईल का, एवढाच त्याचा प्रश्न होता.

त्या वेळी खोलीत एक मुलगी होती. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि खालच्या वर्गांसाठी प्रयोग मांडून ठेवायचं काम करायची. तिने मांडलेला प्रयोग उष्णता कशातून किती वाहते ते मोजायचा. वर वाफेचा डबा, खाली पितळेची जाड चकती आणि मध्ये जो पदार्थ तपासायचा त्याची पातळ चकती. वरची उष्णता खाली किती झिरपली ते थर्मामीटर सांगतात. मी नोकरीला लागल्यापासून मध्ये पुठ्ठा नाहीतर एबोनाइट, आणि उत्तर पुस्तकात छापलेलं. मुलं आधी उत्तर बघतात आणि मग त्याला शोभतील अशी रीडिंगं लिहितात. एका पठ्ठ्याने तर वाफ सुरूच न करता उत्तर बरोबर आणलं होतं.

"मॅडम," ती मुलगी म्हणाली, "यात लोकर घालून बघू का?"

मालक वळला. "मेंढराची?"

"आमच्याकडं लई पडलेली आसती. बांधावर टाकत्यात."

तिचं घर मेंढपाळांचं. दिंद्रुडजवळ त्यांची वस्ती आहे, आणि वर्षातले बरेच महिने घरची माणसं मेंढरांमागे फिरतीवर असतात. ती मात्र लहानपणापासून आश्रमशाळेत आणि मग वसतिगृहांत वाढली. पूर्वी घोंगडी विणणारे त्यांच्याकडून लोकर नेत. आता विणणारे उरले नाहीत, पण मेंढराची लोकर कातरावी तर लागतेच, म्हणून ती कातरायची आणि टाकून द्यायची, असं तिने सांगितलं. मालक तिच्याकडे बघत राहिला. म्हणाला, "बघा की घालून."

दिवाळीच्या सुमारास कातरणी होती तेव्हा मी तिच्याबरोबर वस्तीवर गेले. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. सकाळीच ओढ्यात मेंढरं धुतली होती आणि ती उन्हात वाळत उभी होती. कातरायला भावकीतली माणसं जमली होती. आज याची मेंढरं, उद्या त्याची, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, फक्त गोडाचं जेवण घालायचं, अशी तिथली रीत. एक जण मेंढरू पायांत धरून बसतो, लांब पात्यांची कातर पोटाखालून सुरू करतो, आणि बघता बघता सगळी काळी लोकर अखंड, एखाद्या चादरीसारखी बाजूला पडते. आतून निघतं ते बारकं, ओशाळलेलं जनावर. उठून दोन पावलं जातं आणि आपल्याच कळपाला ओळखू येईनासं होतं. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, याच जिल्ह्यात जन्मले आणि याच जिल्ह्यात वाढले, आणि हे मी कधी पाहिलं नव्हतं. जेवण थंड होईपर्यंत मी तिथून हलले नाही.

मुलीचा बाप उंच, हाडकुळा, बोलायला कंजूष. जेवताना मात्र त्याने मला सुनावलं. "हिला मेंढरातून भाईर काडायला शिकवलं, बाई. हिच्या आयनं उन्हापावसात काडली, म्या काडली. हिला सावलीत खुर्ची मिळावी म्हनून. आन् ही कालिजातून आली ती लोकर मागाया. कावून?"

मुलगी खाली मान घालून जेवत होती. मीही आमटीकडे बघितलं.

तरी निघताना लोकर पाठवायचा शब्द दिला तो त्याने पाळला. काही दिवसांनी दिंद्रुडहून येणाऱ्या एका जीपच्या टपावर पोतं आलं. पोत्याला हळदकुंकू लावलेलं होतं. जीपवाला म्हणाला, "पोतं भुईला टेकवू नका म्हनलेत." आम्ही दोघी हसलो. टेबलावर ठेवलं.

प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये कोमट साबणपाण्यात लोकर भिजवून, पाटावर चोळून, लाटण्याने दाबून आम्ही तिचा नमदा केला, म्हणजे न विणता नुसतं दाबून केलेलं जाड कापड. शिपाई रोज कुरकुर करायचा की बेसिन तुंबतं. नमदा वाळला, घट्ट आणि मऊ. त्याची गोल चकती कापली, वाफेच्या डब्याखाली ठेवली आणि रीडिंगं घ्यायला बसलो.

वरचा थर्मामीटर चढला. खालचा जागचा हलेना. मी पाणी बदललं, वाफ तपासली, थर्मामीटर बदलून पाहिला. वर हात लावला तर पोळत होतं आणि त्याच्या बोटभर खाली पितळ नुसतं कोमट. मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, उत्तर किती यायला पायजे?"

आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. पुस्तकात पाहावं तर आमच्या या लोकरीचं उत्तर त्यात नव्हतं. मी आयुष्यभर ज्या यंत्राशेजारी उभी राहिले, त्याच्याकडून तोवर कधी काही नवं ऐकलंच नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. खरंच सांगते, देवळात आला नाही कधी तसा. "माहीत नाही," मी तिला म्हटलं, "तू सांगशील तेच उत्तर." ती पोर मग पेन्सिल हातात घट्ट धरून अशी बसली की तिच्या हातून काही सांडणार आहे.

उत्तर आलं ते थर्माकोलच्या तोडीस तोड. मालकाने त्या नमद्याचा एक डबा बनवला, बर्फ भरून माजलगावच्या बाजाराला पाठवला आणि डबा परत आला तेव्हाही आत बर्फ होता. त्याने मला फोन केला आणि बराच वेळ नुसता हसत राहिला.

पुढे सगळं भराभर झालं. विद्यापीठाच्या नवउद्योग केंद्रात आम्ही गेलो, डबा दाखवला. तिथल्या समितीने मुलीच्या नावाने कंपनी काढायला मंजुरी दिली, मी मार्गदर्शक आणि मालक भागीदार. मुलीने वस्तीवर जाऊन घरोघर सांगितलं की लोकर टाकू नका, मी नेते, माझा शब्द. पोत्यांनी भरलेला टेम्पो चौसाळ्याला उतरला. मालकाने डब्यांची पहिली खेप केली आणि ती धरणावरच्या मासळीवाल्यांनी हातोहात नेली.

आणि मग डबे परत येऊ लागले. बर्फाचं पाणी, मासळीचा वास आणि मासळीवाल्यांच्या शिव्या, तिन्ही एकदमच आले. मालकाने एक डबा कापून उघडला. "ह्ये काय केलं बे?" तो कामगारावर ओरडला, पण कामगाराचा दोष नव्हता. आतला नमदा नमदा राहिलाच नव्हता. सुटून, ओघळून भिंतीच्या तळाशी गोळा झाला होता, थर्माकोलच्या भुग्यासारखाच. मालक मला काही बोलला नाही. मला वाटलं, बोलला असता तर बरं झालं असतं.

मुलीने त्या लोकरीची चिमूट कागदात बांधून आणली. पहिल्या पोत्यातली थोडी लोकर आमच्या कपाटात उरली होती. दोन्ही मायक्रोस्कोपखाली ठेवल्या. पहिल्या पोत्यातला तंतू बारीक, नागमोडी. टेम्पोतला जाड, सरळ, केरसुणीच्या काडीसारखा राठ. जाड सरळ तंतू एकमेकांत गुंतत नाहीत, मग त्यांचा नमदा टिकणार कसा? या दोन लोकरी एक नाहीत, एवढं माझ्यासारख्या आंधळीलाही दिसलं. तिने तिथूनच बापाला फोन लावला.

"आबा, त्या वक्ताला कालिजात कोणची लोकर दिलती?"

"जावळ दिलतं," पलीकडून आवाज आला.

कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर म्हणजे जावळ. ती एका कोकराला एकदाच निघते आणि मूठभर निघते. वस्तीवर ती कुणी विकत नाही. देवासाठी, नाहीतर घरात बाळ जन्मलं तर त्याच्या घोंगडीसाठी वर्षानुवर्षं साठवून ठेवतात.

"जावळ कावून दिलं, आबा?"

"मंग काय रद्दी द्यायची? शिकल्याल्या लोकांच्या टेबलावर जायची व्हती. आमच्या येकट्याकडं येवढं नव्हतं. समद्या वस्तीनं गाठोडी सोडली तवा कुटं पोतं भरलं."

तिने फोन ठेवला. मला भयंकर राग आला. नमुना कसा द्यायचा, रोज जो माल येणार तोच द्यायचा, हे कुणी यांना सांगू नये का, असं मी ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडताच आलं नाही. टेबलावर जायचं म्हणून एका अख्ख्या वस्तीने आपल्या लेकरांची ऊब काढून दिली होती, आणि ती आम्ही साबणपाण्यात चोळून वाफेखाली ठेवली होती. असल्या चुकीला काय शिक्षा करायची? मी शिपायाला चहा आणायला पाठवलं.

दरम्यान पुण्याजवळच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मुलीची निवड झाली होती. उन्हाळा संपायच्या आत रुजू व्हायचं होतं. डबे परत आल्याचं वस्तीवर कळलंच होतं. बापाने निरोप धाडला की आता बास, पुण्याला जा. ती मला म्हणाली, "मॅडम, मी गेले तर वस्तीवर म्हणतील, शिकून आली, शब्द देऊन गेली. आबांना तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई." तिला पुण्याला जायचंच नव्हतं. एवढी साधी गोष्ट, आणि ती सांगताना तिला रडू फुटलं.

नेमकी तेव्हाच विद्यापीठाची समिती पाहणीला येणार होती. मालक व्यवहारी माणूस. तो हळूच म्हणाला, "मॅडम, पहिला डबा आजून चांगला हाय. तोच दाखवू. बाकीचं आपण मागून निस्तरू." खरं सांगायचं तर मलाही ते पटत आलं होतं. प्राचार्य तर हारतुरे मागवून मोकळे झाले होते.

समिती आली. मुलगी उभी राहिली, दोन्ही लोकरी टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "तुम्ही जो डबा बघून मंजुरी दिली तो जावळाचा होता. हा बाजारात गेलेला डबा. हा टिकला नाही." मग तिने जावळ म्हणजे काय ते सांगितलं, तंतू दाखवले, चूक कुठे झाली ते सांगितलं. बापाचं नाव घेताना तिचा आवाज एवढासाही खाली गेला नाही. समितीतल्या एक वयस्क बाई पुढे झुकल्या. "अगं, पण आम्हाला हे कळलंच नसतं. का सांगतेस?"

"कारण पुढच्या डब्यात जावळ नसणार, मॅडम."

प्राचार्यांनी हातातला हार खुर्चीवर ठेवला. मी अनेक पदवीदान समारंभ पाहिलेत, पण शिकलेलं माणूस कसं दिसतं ते मी त्या दिवशी पाहिलं. समितीने मंजुरी काढून घेतली नाही. जी लोकर खरोखर मिळणार आहे तिचा डबा उन्हाळ्यात करून दाखवा, एवढं सांगून ते गेले.

मग चौसाळ्याच्या शेडमध्ये आमची रोज भांडणं सुरू झाली. डिंक घालून बघितला, लोकर खडबडीत फळीसारखी झाली आणि उष्णता वाहू लागली. कापूस मिसळला, पाण्याने कुजला. एका दुपारी मी वैतागून ओरडले, "घट्ट होत नाही तर नका करू घट्ट! थंडी लोकर राखत नाही, लोकरीत अडकलेली हवा राखते. लोकर खाली घसरू नये, एवढंच बघा!"

मालकाने डोकं खाजवलं. मुलगी एकदम म्हणाली, "मग टाचू या. गोधडीगत."

जाड कापडाचे दोन पदर, मध्ये मोकळी राठ लोकर, आणि आडवेउभे टाके घालून केलेले छोटे छोटे कप्पे. एका कप्प्यातली लोकर दुसऱ्यात जाणारच नाही, मग घसरणार कुठून? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. वस्तीवरच्या बायकांनी त्या गाद्या शिवून दिल्या. आम्हाला इकडे एकेका आकड्याची चिंता आणि तिकडे त्या गप्पा मारत शिवत होत्या, असं मुलीने येऊन सांगितलं. मालकाने वरून पाणी न मुरणारा कागद लावला आणि गाद्या पत्र्यांमध्ये बसवल्या.

आता परीक्षा. मुलीच्या बापाने अट घातली. तो फोनवर मलाच म्हणाला, "बाई, बर्फ ऱ्हायला तर ती ऱ्हाईल. न्हाई ऱ्हायला तर तिनं पुन्याची गाडी धरायची. आन् मी डब्यासंगं जानार. मागून कुनी म्हनायला नको."

वैशाखातली सकाळ. शेडचा पत्रा आठ वाजताच तापला होता. बर्फाच्या लाद्या डब्यात ठेवल्या, शेजारी थर्माकोलच्या जुन्या डब्यातही तेवढ्याच. कुलपं लावून किल्ल्या मालकाने मुलीच्या बापाकडे दिल्या. त्याने त्या मुंडाशात खोचल्या आणि टेम्पोच्या हौद्यात, दोन डब्यांच्या मध्ये मांडी घालून बसला. पुढे ड्रायव्हरशेजारी बसा म्हटलं तर ऐकेना. टेम्पो धरणाकडे गेला, तिथून बाजाराच्या गावांवरून फिरून येणार होता. वरती ऊन असं की डोळे उघडवेनात.

आम्ही शेडमध्ये थांबलो. मुलगी काम करत होती की काम करतेय असं दाखवत होती ते कळत नव्हतं. कापडाची तीच पट्टी तिने कितीदा तरी मोजली. मालकाने जेवायला बोलावलं, ती नको म्हणाली. मी जेवले. मला काळजीत जास्त भूक लागते.

ऊन उतरता उतरता टेम्पो आला. तिचा बाप खाली उतरला तेव्हा धुळीने सगळा पांढरा झाला होता, भुवयासुद्धा. त्याने पाणीही घेतलं नाही. डबे उतरवून घेतले, मुंडाशातून किल्ल्या काढल्या आणि आधी थर्माकोलचा उघडला. आत पाणी होतं, त्यात बर्फाचे चार तुकडे तरंगत होते. कामगार जवळ सरकले. मुलगी मात्र लांब, भिंतीपाशी उभी होती. तिने डोळे मिटले होते.

त्याने दुसरा डबा उघडला.

थंड वाफ बाहेर आली आणि त्याच्या दाढीला लागली. आत बर्फ होता. कडा गोल झालेल्या, तळाला थोडं पाणी, पण लाद्या उभ्याच्या उभ्या, निळसर, एवढ्या स्वच्छ की मागचा पत्रा दिसावा. बाहेर रस्त्यावर डांबर पाघळत होतं. ज्या लोकरीला बांधावरचं कुत्रं हुंगत नव्हतं तिने तो वैशाख दिवसभर दाराबाहेर उभा ठेवला होता. मला त्यामागचं सगळं विज्ञान ठाऊक होतं, मी ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं, आणि तरी मी तिथे एखाद्या अडाण्यासारखी तोंड उघडं टाकून उभी होते. मालकाने दोन्ही हात जोडले. कुणाला ते त्यालाही ठाऊक नसावं.

बापाने आपला तळवा लादीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. काढला तेव्हा बर्फावर पाच बोटांचा ठसा उमटला होता. त्याने हात मुंडाशाला पुसला आणि मालकाकडे वळला.

"हिची खुर्ची कोनची?"

मालक गोंधळला. शेडमध्ये खुर्ची एकच होती, हिशेबाच्या टेबलापाशी, आणि तिच्यावरही कापडाचे तागे पडलेले. "दाजी," तो म्हणाला, "इथं कुनालाच खुर्ची न्हाई. मी बी दिसभर उभाच आसतो."

मला वाटलं, झालं. सावलीतल्या खुर्चीसाठी या माणसाने जन्म झिजवला होता. आता तो पुण्याच्या गाडीचं नाव काढणार.

"बरं," तो म्हणाला. "मंग ही उभी कुटं ऱ्हाती ते दावा."

मुलीने डोळे उघडले. ती कापड कापायच्या टेबलाकडे गेली आणि टेबलाच्या अलीकडची जागा तिने बोटाने दाखवली. साधी फरशी, कोपरा थोडा फुटलेला. तिचा बाप तिथवर गेला. वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि अनवाणी त्या फरशीवर उभा राहिला.

तिथून त्याने सगळं बघितलं. वर पत्रा, समोर डबे, दारातून दिसणारा हायवे, टेबलावरची कात्री आणि पट्टी. कामगारांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही कुणी घाई केली नाही. मग त्याने दोन्ही हात टेबलावर टेकवले, उंची जुळते का बघितली आणि लेकीला म्हणाला, "टेबल वाईच खाली हाय. वर करून घे, न्हाईतर पाठ धरंल."